एकशे बासष्ट नंबरचं दार

१ तारीख, सोमवार

लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं संध्याकाळी बसथांब्यापासून घरापर्यंत चालत यायचो. जेमतेम दहा मिनिटांची वाट. यांच्या हातात गरम पावाची पुडी, माझ्या हातात दोघांच्या छत्र्या. दिवसभर टेलिफोनच्या बोर्डावर जे जे घडलं असेल ते मी सांगत सुटायची आणि हे ऐकत चालायचे, नेहमी माझ्या डाव्या हाताला. त्या बाजूला गटार होतं. एका पावसाळ्यात तिथे एक कुत्री पिल्लं घालून बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्यांकडे बघून गुरगुरायची. तरी हे त्याच बाजूने. बूट चिखलाने भरायचे, पण जागा सोडायचे नाहीत. मला वाटायचं, काय सभ्य माणूस मिळाला! रस्त्याची वाईट बाजू काही न बोलता स्वतःकडे घेतो.

आज हे आठवलं, कारण आज जेवताना मी एकटीच बोलत होते. परवा नवा फ्रिज आला. त्याचं दार टेबलावर आपटतं, म्हणून मी टेबल फिरवून घेतलं आणि यांची खुर्ची माझ्या उजव्या हाताला आली. एवढ्याशा बदलाने माणसाने इतकं रुसावं? "टेबल पूर्वीसारखं लावू या का?" असं दोनदा विचारून झालं. मी म्हटलं, "आणि फ्रिज काय खिडकीतून उघडायचा?" तेव्हापासून गप्प. मी बोलते, हे ताटाकडे बघतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली की पुरुषांचं असं होतं म्हणतात. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता तपासायला काही नाही.

कामावरची गोष्ट मोठी आहे, ती नीट लिहून ठेवते. या महिन्याच्या तीस तारखेला मी निवृत्त होणार. या प्रसूतिगृहात मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. पुढे बोर्ड गेला, कॉम्प्युटर आले आणि मला खुर्चीसकट नेटवर्कच्या खोलीत हलवण्यात आलं. आता शेवटच्या महिन्यात आमच्या इंजिनीअरबाईंचे वडील पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि त्या गावी गेल्या. जाताना माझ्या हातात एक खोकं ठेवून गेल्या. "काकू, एवढं तुम्हीच करायचं."

वर्षभरापूर्वी आमच्याकडे दूधपेढी सुरू झाली. ज्या आयांना दूध जास्त येतं त्या देतात, आणि वेळेआधी आलेल्या ज्या बाळांच्या आईला अजून दूध येत नाही, त्यांना ते मिळतं. हे दूध फ्रीझरमध्ये उणे वीस अंशांवर ठेवावं लागतं. पेढीला कायमची परवानगी अजून नाही. चोवीस तारखेला तपासणी आहे आणि एकच अट उरली आहे: फ्रीझरचं दार उघडं राहिलं किंवा थंडी कमी झाली, तर पाच मिनिटांच्या आत ते एका माणसाला कळलं पाहिजे. नाही कळलं तर पेढी बंद, आणि दूध दोन तासांवरच्या हॉस्पिटलातून आणायचं. आठशे ग्रॅमच्या बाळाला दोन तास थांब म्हणून सांगणार कोण?

खोक्यात साबणाच्या वडीएवढ्या दोन डब्या आहेत. एक फ्रीझरला लावायची, एक कपाटात राखीव. काही बिघडलं की ही डबी नेटवर्कवरून माझ्या कॉम्प्युटरला निरोप पाठवणार. तो योग्य ठिकाणी पोचेल असं बघायचं, एवढंच माझं काम. निरोप जोडून देणं. मी दुसरं आयुष्यभर केलंय काय?

३ तारीख, बुधवार

वायरमनने डबी बसवली. हा माणूस वीस वर्षं इथे आहे आणि कुठल्याही कामाला "बघतो" म्हणतो. आज मात्र लगेच केलं. "ताई, तुमचा शेवटचा महिना. आता तरी तुमचे टोमणे चुकवावेत म्हटलं."

डबीचं पान कॉम्प्युटरवर उघडलं. पहिल्या रकान्यात निरोप कुणाला पाठवायचा तो पत्ता. तो इंजिनीअरबाईंनी आधीच भरून पक्का केला होता. त्याच्याखाली "पोर्ट", आणि रकान्यात फिकट अक्षरांत १६२. मी फोन लावला.

"काकू, तो रिकामाच ठेवा. पोर्ट म्हणजे दाराचा नंबर समजा. पत्ता म्हणजे इमारत, पोर्ट म्हणजे कुठल्या दाराशी जायचं ते. असल्या निरोपांचं ठरलेलं दार एकशे बासष्ट. काही लिहिलं नाही तर डबी आपोआप तिथेच जाते. त्याला डिफॉल्ट म्हणतात."

"रिकामा ठेवू?"

"रिकामा."

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सुलेखन शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, रिकामा रकाना म्हणजे एक तर आळस, नाही तर लबाडी. पन्नास वर्षं मी एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. त्यातून माझ्या कॉम्प्युटरवर निरोप ऐकणारा प्रोग्रॅम सुरू केला, तर तो म्हणाला, १६२ नंबरचं दार आधीच कुणीतरी घेतलेलं आहे, ११६२ चालेल का? मी म्हटलं, चालेल. बिचाऱ्या इंजिनीअरबाई वडिलांच्या उशाशी बसलेल्या, त्यांना पुन्हा कशाला छळायचं? डबीच्या रकान्यातही ठसठशीत ११६२ लिहिलं आणि "लागू करा" दाबलं. खाली "जतन करा" असंही बटण होतं. लागू झालं ते झालं, जतन काय करायचं त्यात?

मग आमच्या मुख्य नर्सनी, मोठ्या सिस्टरनी, फ्रीझरचं दार एक मिनिट उघडं धरलं. मी पडद्यासमोर. मिनिटाच्या वर अकरा सेकंद गेले, आणि टिंग! "दूधपेढी: दार उघडं आहे." मी खुर्चीतून ओरडले, सिस्टर तिकडून ओरडल्या, आणि दोन बाळंतिणी काय झालं म्हणून बाहेर आल्या. वायरमनने चहा मागवला. साठीला टेकलेल्या बाईने असं उड्या मारणं शोभत नाही, पण आज मारली एक.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. टिंगपर्यंत आले तेव्हा हे उठले, चहाचा कप घेऊन टेबलाला वळसा घातला, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला फ्रिजला टेकून उभे राहिले. "हं, मग काय झालं?" म्हणाले. उभ्याने चहा प्यायची ही नवी खोड. मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

७ तारीख, रविवार

लेकीचा फोन. आधी माझ्याशी, मग बाबांशी. फोनवर हे छान बोलतात, हसतात, घरात मात्र मौनव्रत. तिने कुणाचा तरी नंबर सांगितला, तर यांनी फोन खाली ठेवला, नंबर लिहिला, पुन्हा फोन उचलला, "हं, पुढचे आकडे?" पुन्हा खाली. अहो, दुसऱ्या कानाला धरा आणि लिहा! पण नाही. पहिल्यापासून असंच.

पहिल्यापासून म्हणजे आमची ओळखच फोनवर झाली. नणंदेचं बाळ सातव्या महिन्यात झालं, आमच्याच प्रसूतिगृहात. हे तिचे धाकटे भाऊ. रोज सकाळी ठीक सात वाजता फोन करायचे. "आज वजन किती?" मी वॉर्डातून विचारून सांगायची, "पंधरा ग्रॅम वाढलं." मग खडखड आवाज, फोन ठेवल्याचा, पेन्सिलीचा, फोन उचलल्याचा. "लिहिलं. उद्या पुन्हा करतो." एक्केचाळीस दिवस. बेचाळिसाव्या दिवशी बाळ घरी गेलं आणि सात वाजता फोन वाजला. मी म्हटलं, "अहो, बाळ गेलं ना काल घरी?" तर म्हणाले, "हो. माझ्यासमोरच आहे. सहज केला."

ते बाळ आता सहा फूट उंच आहे आणि मला मामी म्हणून वाकून मिठी मारतं.

लेक म्हणाली, "आई, बाबांना डॉक्टरांकडे ने. मागच्या वेळी घरी आले होते तेव्हा मी दोनदा हाक मारली, वळूनही बघितलं नाही."

"काही नाही गं. तुझ्या बाबांना टेबल आवडलेलं नाही."

११ तारीख, गुरुवार

काल विजेचं काम होतं, आमच्या बाजूची लाइन पाच मिनिटं गेली. फ्रीझरला एवढ्याने काही होत नाही. आज पडदा हिरवागार. दिवसभरात एकही सूचना नाही. सगळ्यांनी दार किती शहाण्यासारखं लावलं असेल! मी निवांत स्वेटर विणला. शांतता म्हणजे देवाचा हात पाठीवर, असं शाळेतल्या मदर म्हणायच्या.

१३ तारीख, शनिवार

देवाचा हात वगैरे काही नव्हता.

सकाळी मोठ्या सिस्टर दारात उभ्या. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे लागलो. मी त्यांच्या तोंडावर "तू" म्हणते आणि पाठीमागे "तुम्ही". त्या मला अजून ऑपरेटर म्हणतात.

"ऑपरेटर, आज फ्रीझरमधला बर्फ काढला. दार वीस मिनिटं उघडं होतं. तुझी घंटा काय म्हणाली?"

मी पडद्याकडे बघितलं. हिरवागार.

"दूध?"

"दूध मी आधीच दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवलं होतं. मी तुझ्या घंटेवर बसलेली नाही, दर दोन तासांनी माझी नर्स थर्मामीटर बघते. पण चोवीस तारखेला तपासणीच्या बाई थर्मामीटर बघायला येणार नाहीत. घंटा ऐकायला येणार आहेत." जाता जाता वळल्या. "स्वेटर छान होतोय."

असा टोमणा पोटात गेल्यावर जेवणाची गरज लागत नाही. मी डबीचं पान उघडलं. पोर्टचा रकाना रिकामा. फिकट अक्षरांत १६२. माझं ठसठशीत ११६२ कुठे गेलं?

इंजिनीअरबाई फोनवर हसल्या, पण प्रेमाने. "काकू, 'लागू करा' म्हणजे आत्तापुरतं. 'जतन करा' म्हणजे लक्षात ठेव. वीज गेली तेव्हा डबी तुमचं सांगणं विसरली. मग तिला जे मुळात ठाऊक आहे तेच ती करणार. एकशे बासष्टवर जाणार."

"आणि तिथे कोण आहे?"

"ते तुम्हीच बघा. कुणीतरी दार धरून बसलंय खरं."

शोधलं. तिथे शाईवाला बसला होता. सात वर्षांपूर्वी मीच हा छोटा प्रोग्रॅम लावला होता, प्रिंटरमधली शाई संपली की कळावं म्हणून. त्याला शाईपलीकडे काही कळत नाही. जो निरोप शाईचा नाही तो टाकून देतो. टाकलेल्यांची यादी मात्र ठेवतो. ती उघडली. बुधवारपासून सतरा निरोप. दार उघडं आहे. दार बंद झालं. दार उघडं आहे. आजचा तर ओळीने चार वेळा.

बिचारी डबी तीन दिवस इमानेइतबारे सांगत होती. निरोप पाठवून दिला की तिचं काम संपतं, पोचला का म्हणून ती विचारत नाही. आणि मी पलीकडच्या दाराशी कान लावून, किती शांत आहे म्हणून खूश.

थोडं रडले. मग तोंड धुऊन पुन्हा बसले.

१५ तारीख, सोमवार

इंजिनीअरबाई म्हणतात, सोपं आहे, ११६२ लिहा आणि यावेळी "जतन करा" दाबा. विषय संपला.

पण रविवारभर माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मी आता पंधरा दिवसांची पाहुणी. पाच वर्षांनी ही डबी बिघडेल, नवी लागेल. ती कारखान्यातून कुठला नंबर घेऊन येईल? एकशे बासष्ट. बसवणारी कुणीतरी घाईतली असेल, रकाना रिकामा सोडेल. सगळं विसरल्यावर डबी ज्या दाराशी जाते, त्याच दाराशी दुधाचा माणूस बसलेला हवा. शाईला दुसरं दार चालेल. शाई संपल्याने कुणी रडत नाही. म्हणजे हिशेब विभागातले सोडून.

हे फोनवर सांगितलं. पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज. मग, "काकू, हे मला सुचायला हवं होतं. पण मग प्रत्येक प्रिंटरला नवं दार सांगावं लागेल. आपले प्रिंटर जुने, लांबून होणार नाही. प्रत्येकासमोर उभं राहून बटणं दाबावी लागतील. बावीस आहेत."

"असू देत बावीस. आणि बाविसांनाही 'जतन करा' दाबीन, काळजी करू नका."

१८ तारीख, गुरुवार

तीन दिवस फिरते आहे. बाविसातले अठरा झाले. पाय दुखतात, पण मन कसं हलकं झालंय! एवढी वर्षं मी या इमारतीचा आवाज होते, पण निम्म्या खोल्या आज पहिल्यांदा पाहिल्या. कपडे धुण्याच्या विभागातल्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच का त्या 'थांबा, जोडते' वाल्या? मला वाटायचं तुम्ही उंच असाल." औषधांच्या खोलीतल्या प्रिंटरवर कुणीतरी माझ्याच अक्षरातली सूचना चिकटवून ठेवली आहे, सहा वर्षांपूर्वीची: कृपया कागद हळू ओढावा. अजून सगळे जोरात ओढतात.

अठरावा प्रिंटर नवजात बाळांचे कान तपासतात त्या खोलीत होता. तिथली तपासनीस मुलगी मोठी गोड. एका दिवसाच्या बाळाच्या कानात वाटाण्याएवढं काहीतरी घालून बसली होती आणि बाळ जांभया देत होतं. म्हणाली, "दोन्ही कानांनी ऐकू येत नसेल तर घरच्यांना लवकर कळतं. एकाच कानाचं मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. अशी मुलं हुशार असतात, आपली जागा धरतात. वर्गात ठरावीक बाकावर बसतात, चालताना ठरावीक बाजूने चालतात. जोवर जागा बदलत नाही तोवर कुणाला पत्ता लागत नाही."

किती नवल! देवाने लेकरांना केवढी अक्कल दिलेली असते. मुद्दाम लिहून ठेवलं.

घरी आले तर हे पुन्हा कप घेऊन फ्रिजला टेकलेले. मी वैतागून म्हटलं, "बसा की हो खुर्चीवर, काय काटे आहेत तिला?" बसले. मग मी बाविसातल्या अठरांची हकीकत सांगितली, तर चेहरा कोरा. आता मात्र मला राग आला. दुसऱ्या दिवसाचा डबा भरताना भांडी जरा जोरात आपटली. ती बरी ऐकू आली!

२१ तारीख, रविवार

बावीसही झाले. शाईवाल्याला १०१६२ नंबरचं दार दिलं. १६२ वर आता दुधाचा पहारा, आणि तिथून निरोप थेट ड्यूटीवरच्या नर्सच्या फोनवर. डबीचा रकाना रिकामा ठेवला. वर "जतन करा"ही दाबलं. शाळेतल्या सिस्टर, माफ करा.

आणखी एक केलं. रोज सकाळी सात वाजता डबीने स्वतःहून "सर्व ठीक" असा निरोप पाठवायचा, असं ठरवून दिलं. नुसत्या शांततेवर माझा आता विश्वास नाही.

२४ तारीख, बुधवार

आधी निकाल लिहिते, मग बाकीचं. परवानगी मिळाली!

तपासणीच्या बाई बारीक, उंच, चष्मा दोरीला बांधलेला. दार उघडायला लावलं: टिंग, नर्सच्या फोनवर निरोप. थंडी कमी केली: टिंग. मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघून भुवया उडवत होत्या. मग बाईंनी चष्मा लावला आणि डबीकडे बोट दाखवलं.

"ही बिघडली तर?"

"राखीव आहे," मी म्हटलं.

"लावून दाखवा. तुम्ही नाही. तुम्ही तर आठवड्यात जाणार, मी कागद वाचलेत. ज्यांना यातलं काही कळत नाही अशा कुणीतरी."

सगळ्यांनी मोठ्या सिस्टरांकडे बघितलं. त्या मोबाइलसुद्धा दोन बोटांनी धरतात, उंदीर धरल्यासारखा. वायरमन पुटपुटला, "संपलं."

सिस्टरनी राखीव डबी खोक्यातून काढली. तिच्यावर मी पत्त्याची चिठ्ठी चिकटवली होती. त्यांनी वायर जोडली, पान उघडलं, एका बोटाने चिठ्ठीवरचा पत्ता भरला. चार मिनिटं लागली. मग पोर्टच्या रकान्यापाशी थांबल्या.

"ऑपरेटर, इथे काय लिहू?"

बाई म्हणाल्या, "त्यांना विचारायचं नाही."

सिस्टर रकान्याकडे बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही ते मी लिहीत नाही. औषधाच्या कागदावरही नाही आणि इथेही नाही." आणि रकाना रिकामा सोडून "जतन करा" दाबलं.

दार उघडलं. एक मिनिट. आणि वर नऊ सेकंद.

टिंग.

सिस्टर, चाळीस वर्षं वॉर्डात कुणाला हसू न दाखवलेल्या आमच्या मोठ्या सिस्टर, मला मिठी मारून गदागदा हलवत होत्या. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आतली बाळं झोपलेली आहेत, जरा हळू." पण त्याही हसत होत्या.

आता बाकीचं.

हे मला न्यायला आले होते, माझ्या सामानाचं एक खोकं घरी न्यायचं म्हणून. बसमध्ये गर्दी, बोलायला जमलं नाही; उतरून चालत निघालो. नेहमीच्या रस्त्याची डावी बाजू पाइपसाठी खणलेली, म्हणून हे खोकं घेऊन माझ्या उजवीकडे आले. मी बोलत सुटले. चष्मा, डबी, चार मिनिटं, रिकामा रकाना. अगदी टिंगपर्यंत आले आणि वळून बघितलं. यांचा चेहरा कोरा. टेबलावर असतो तसा.

मी बोलायची थांबले. तर यांनी काय करावं? खोकं सावरत, खणलेल्या मातीवरून, एक पाय खड्ड्यात घालून, माझ्या मागून डाव्या बाजूला आले. बूट घोट्यापर्यंत चिखलात. आणि चेहरा उजळला. "हं, मग काय झालं? सिस्टरनी रकान्यात काय लिहिलं?"

मी रस्त्यातच उभी राहिले. ती गोड मुलगी आठवली आणि जांभया देणारं बाळ आठवलं.

मी वळसा घालून यांच्या डाव्या खांद्याशी गेले आणि हळूच म्हटलं, "मला तुम्ही फार आवडता." हे समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते. मग उजवीकडे जाऊन तेवढ्याच हळू म्हटलं, "डाव्या कानाने ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

यांनी खोकं खाली ठेवलं.

"गालगुंड झालं होतं. सात वर्षांचा होतो."

"छत्तीस वर्षं झाली लग्नाला! सांगितलं का नाही?"

"तू टेलिफोनवाली. श्वासावरून माणूस ओळखायचीस. तुला कसं सांगणार की याचा एक कान गेलेला आहे? मग लग्न झालं. मग राहून गेलं. आणि गरजही पडत नव्हती, मी आपली जागा धरून होतो." मग थोडं रागावूनच, "तू टेबल फिरवलंस."

"आणि झोपताना? तुम्ही उजव्या कुशीवर झोपता. म्हणजे चांगला कान उशीत. मी रोज दिवे मालवल्यावर जी कुरकुर करते ती?"

"कुरकुर करतेस?" यांनी इतक्या निरागसपणे विचारलं की मला हसू फुटलं. मग हेही हसले. रस्ता खणणारे कामगार फावडी टेकून आमच्याकडे बघायला लागले. दोन म्हातारी माणसं, एक खोकं, आणि हसून हसून डोळ्यांना पाणी.

मग मी यांच्या उजवीकडे राहून सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. टिंगला हे अगदी बरोबर जागी हसले.

२८ तारीख, रविवार

वायरमन घरी आला होता. फ्रिजचं दार उलट्या बाजूला बसवता येतं! दोन बिजागऱ्या, वीस मिनिटं. टेबल पूर्वीच्या जागी गेलं. "ताई, एवढंसं काम, आधी का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. मी म्हटलं, "सांगितलं असतं तर 'बघतो' म्हणाला असतास." यांनी बसून चहा प्यायला. दोन कप.

३० तारीख, मंगळवार

निरोप समारंभ झाला. फुलं, फोटो, बिस्किटं, सिस्टरचं तीन वाक्यांचं भाषण. इंजिनीअरबाई परत आल्या, वडील काठी घेऊन चालू लागले आहेत. नेटवर्कच्या खोलीतल्या वहीत मी शेवटचं पान लिहिलं. तेच इथे उतरवते, थोडी भर घालून.

दार एका मिनिटाहून जास्त उघडं राहिलं, तर निरोप ड्यूटीवरच्या नर्सला. नाव घालू नये, नर्सा बदलतात.

थंडी कमी झाली, तर मोठ्या सिस्टरना. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही, तर इंजिनीअरबाईंना.

वीज गेली, तर वायरमनला. तो "बघतो" म्हणाला तर निरोप थांबवू नये. "बघितलं" म्हणेल तेव्हा थांबवावा.

शाई संपली, तर ज्याची संपली त्यालाच. हिशेब विभागाने माझ्या खोलीत फोन करू नये, मी तिथे नाही.

माझा बोर्डावरचा जुना हेडफोन कान तपासणाऱ्या मुलीला. तिने तो भिंतीला लावावा आणि आयांना सांगावं की तो बत्तीस वर्षं एका बाईच्या डोक्यावर होता, आणि त्या बाईला स्वतःच्या घरातलं कळलं नाही.

स्वेटर सिस्टरना. बाह्या लांब झाल्यात, पण त्या बोलून दाखवतील तेव्हा बघू.

सकाळी सातचा "सर्व ठीक" सगळ्यांना, आणि एक आमच्या घरी, यांच्या फोनवर. हे म्हणतात, "लग्नाआधी त्या वेळेला फोन मी करायचो. आता मला येऊ दे."

आणि लेकीला: बाबांशी बोलायचं असेल तर त्यांच्या उजवीकडे बस. लांबून हाका मारू नकोस. उजवा कान तुम्हा सगळ्यांचा. डावा माझ्या एकटीच्या नावावर राहू दे. दिवे मालवल्यावर मला त्यात बरंच काही सांगायचं असतं.